स्नोमोबाईल ओढत नाही? इंजिन उघडण्याआधी आरपीएमचा काटा बघा!

गुलमर्गला बर्फात फिरताना काढलेले रील्स तुम्ही बघितलेच असतील. पुढे दोन स्की, मागे रबराचा पट्टा आणि बर्फ उडवत धावणारी गाडी. तीच ही स्नोमोबाईल. आपल्याकडे ती पर्यटकांची मजा आहे. मी राहतो त्या कॅनडातल्या एडमंटनच्या आसपास मात्र हिवाळ्यात अनेकांच्या शेडमध्ये ती उभी असते. आणि दर हिवाळ्यात ओळखीतल्या कुणाचा तरी मेसेज येतोच, "अरे, गाडी ओढत नाहीये. बघतोस का जरा?"

या एका वाक्यात दोन पूर्णपणे वेगळे बिघाड लपलेले असतात. एकात इंजिन ताकदच तयार करत नाही. दुसऱ्यात इंजिन ठणठणीत असतं, पण त्याची ताकद बर्फापर्यंत पोहोचत नाही. हा फरक न कळल्यामुळे लोक बेल्ट खराब असताना कार्ब्युरेटर उघडून बसतात. त्याहून वाईट म्हणजे इंजिन आतून तापत असताना "बघू, जाईल हळूहळू" म्हणत रेस देत राहतात आणि पिस्टनला भोक पाडून घेतात.

आजच्या लेखात हे दोन बिघाड वेगळे कसे ओळखायचे आणि मग कोणत्या क्रमाने तपासायचं, ते बघूया.

आधी गाडी समजून घेऊ

तुमच्या घरी अ‍ॅक्टिव्हासारखी गिअर नसलेली स्कूटर असेल, तर अर्धी स्नोमोबाईल तुम्हाला आधीच माहीत आहे. दोन्हींत गिअरबॉक्सऐवजी सीव्हीटी असते, म्हणजे दोन पुली आणि त्यांच्यामधून फिरणारा एक बेल्ट. वेग वाढतो तशी पुढची पुली आवळत जाते, मागची उघडत जाते आणि गिअर आपोआप बदलतो. स्कूटरच्या पुढच्या पुलीत हे काम रोलर करतात. स्नोमोबाईलमध्ये तेच काम वजनं आणि स्प्रिंग करतात, आणि तिथे पुलीलाच क्लच म्हणतात.

इंजिन मात्र वेगळं. बहुतेक स्पोर्टी स्नोमोबाईलमध्ये टू-स्ट्रोक इंजिन असतं. हो, आपल्या जुन्या आरएक्स-१०० च्या जातीचंच, फक्त बरंच मोठं. ६०० ते ८५० सीसी, दोन सिलिंडर आणि पूर्ण रेसला साधारण ८,००० आरपीएम. उद्योजक जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए यांनी १९५९ मध्ये कॅनडात स्की-डू बाजारात आणली आणि हलकी, घरगुती स्नोमोबाईल लोकांच्या हातात आली. तेव्हापासून तंत्र खूप सुधारलं. पण हवा, पेट्रोल, ठिणगी आणि बेल्ट या चार गोष्टींवरच गाडी चालते, हे काही बदललेलं नाही.

पहिला नियम: रेस सोडा

टू-स्ट्रोक इंजिनात ताकद कमी होण्याचं एक धोकादायक कारण म्हणजे लीन मिक्श्चर. म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. गंमत अशी की पेट्रोल इंजिनात फक्त जळत नाही, ते आत येताना इंजिनाला थोडं थंडही करतं. ते कमी पडलं की जळण जास्त गरम होतं, पिस्टनचा माथा वितळायला लागतो किंवा पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. हे व्हायला तासभर लागत नाही. पूर्ण रेसवर काही सेकंदांतही खेळ खलास होऊ शकतो.

म्हणून गाडीने अचानक दम सोडला, तर रेस सोडायची, सुरक्षित जागी थांबायचं आणि इंजिन बंद करायचं. उणे २० अंशांत, रस्त्यापासून दहा किलोमीटर आत पिस्टन गेला तर प्रश्न फक्त दुरुस्तीच्या बिलाचा राहत नाही, जिवंत घरी पोहोचण्याचा होतो.

खरा प्रश्न: काटा कुठे जातोय?

आता साधी चाचणी. मोकळ्या, सपाट जागेत इंजिन नीट गरम झाल्यावर थोडा वेळ पूर्ण रेस द्या आणि आरपीएमचा काटा बघा. तुमच्या मॉडेलचा पूर्ण रेसचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. आपण उदाहरणासाठी ८,००० धरू.

- काटा ८,००० च्या आसपास जातो, पण वेग येत नाही: इंजिन ठीक आहे. बेल्ट, क्लच, पट्टा किंवा ब्रेक बघा.
- काटा ६,००० ते ७,००० वरच अडकतो: इंजिनाला ताकद कमी पडतेय. हवा, पेट्रोल, ठिणगी, एक्झॉस्ट, कॉम्प्रेशन बघा.
- सुरुवातीला सगळं छान, दहा-पंधरा मिनिटांनी दम जातो: तापमान किंवा पेट्रोलची टाकी बघा.

गाडी आधीच विचित्र आवाज करत असेल किंवा तापल्याचा दिवा लागला असेल, तर ही चाचणी करू नका.

काटा वर, वेग खाली: दोष इंजिनाचा नाही

सीव्हीटीची खासियत म्हणजे ती इंजिनाला एकाच आरपीएमवर धरून ठेवते. ओझं वाढलं की ती गिअर खाली आणते. त्यामुळे कुठेतरी काही घासत असेल, तरी काटा छान दिसतो आणि गाडी मात्र रांगते.

आधी फुकटच्या गोष्टी बघा.

१. पार्किंग ब्रेक. हसू नका! हा राहून जातो, आणि कधी ब्रेक गोठून डिस्कला चिकटलेला असतो. थोडं चालवून ब्रेकजवळ जळका वास येतोय का बघा.

२. पट्टा आणि सस्पेन्शनमध्ये गोठलेला बर्फ. रात्रभर बाहेर उभ्या गाडीत हमखास. पट्टा प्रमाणाबाहेर घट्ट असेल तरी ताकद खातो.

३. स्लायडर. पट्टा ज्या रेल्सवरून सरकतो त्यांच्यावर प्लॅस्टिकची पट्टी असते आणि तिला वंगण म्हणून चक्क बर्फच लागतो. भुसभुशीत बर्फ नसलेल्या टणक, गोठलेल्या तळ्यावरून गाडी पळवली, की पट्टी तापते, मऊ होते आणि चिकटायला लागते.

४. बेल्ट. इंजिन बंद करा, चावी काढा आणि मगच कव्हर उघडा. बेल्टच्या कडा काचेसारख्या चकचकीत झाल्यात का, भेगा किंवा तुटलेले दाते दिसतात का, ते बघा. बेल्टची रुंदी मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. झिजून अरुंद झालेला बेल्ट पुलीत नीट बसत नाही, रेस वाढते पण गाडी उचलत नाही. जळक्या रबराचा वास आला तर बेल्ट घसरतोय हे नक्की.

माझ्या एका मित्राची ६०० सीसी गाडी गेल्या हिवाळ्यात अशीच सुस्त झाली होती. त्याने नवे प्लग टाकले, पेट्रोल बदललं, तरी फरक शून्य. काटा मात्र व्यवस्थित ८,००० ला टेकत होता. कव्हर उघडलं तर बेल्टची एक बाजू चकचकीत. सीटखालचा राखीव बेल्ट चढवला आणि गाडी पुन्हा पहिल्यासारखी. काट्याने उत्तर आधीच दिलं होतं.

काटाच वर जात नाही: आता इंजिनाकडे

इथेही उघडाउघडी करण्याआधी एक प्रश्न विचारा. गाडी आज कुठे आहे आणि मागच्या वेळी कुठे होती?

*उंची आणि थंडी: बिघाड नसलेला बिघाड*

एडमंटन समुद्रसपाटीपासून साधारण ६७० मीटरवर आहे. इथले लोक गाडी ट्रेलरवर टाकून ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत २,००० मीटर आणि त्याहून वर जातात. तिथे हवेचा दाब सुमारे १५ टक्के कमी असतो. तितका ऑक्सिजन कमी, म्हणून तितकी ताकदही कमी. गुलमर्ग तर साधारण २,६५० मीटरवर आहे. तिथला दाब समुद्रसपाटीच्या मानाने पाव हिश्शाहून जास्त घटलेला असतो. म्हणजे मुंबईच्या हवेत १०० दम असलेलं इंजिन तिथे ७५ च्या आतबाहेरच राहणार. मेकॅनिक कितीही चांगला असला तरी!

जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांत याला आणखी एक फाटा फुटतो. कार्ब्युरेटरला उंची कळत नाही. हवा कमी झाली तरी तो जवळपास तेवढंच पेट्रोल सोडतो. मिक्श्चर रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त. इंजिन गुदमरतं, काळा धूर येतो, प्लग ओले होतात. उपाय म्हणजे लहान छिद्राचा मेन जेट बसवणं. कोणत्या उंचीला आणि कोणत्या तापमानाला कोणता जेट, याचा तक्ता मॅन्युअलमध्ये असतो. काही गाड्यांत तो क्लचच्या कव्हरवरच चिकटवलेला असतो. क्लचमधली वजनंही हलकी करावी लागतात, म्हणजे अशक्त झालेलं इंजिन आपल्या आरपीएमपर्यंत पोहोचू शकतं.

आता नीट लक्ष द्या, कारण या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आहे. डोंगरावर लहान जेट टाकला, गाडी मस्त पळाली. पुढच्या आठवड्यात तीच गाडी खाली सपाटीवर, उणे ३० अंशांत बाहेर काढली. उंची उतरल्यामुळे हवा वाढली. थंडीमुळे ती आणखी दाट झाली. शून्य अंशापेक्षा उणे ३० अंशांची हवा सुमारे १२ टक्के जास्त दाट असते. पेट्रोल मात्र लहान जेटमधूनच येतंय. म्हणजे मिक्श्चर अतिशय लीन. गाडी सुरुवातीला कदाचित नेहमीपेक्षा चपळ वाटेल, आणि गोठलेल्या तळ्यावर लांब पूर्ण रेस दिली की पिस्टन जाईल.

म्हणून डोंगरावर केलेली प्रत्येक दुरुस्ती लिहून ठेवा: तारीख, उंची, तापमान, कोणता जेट. फोनमधली एक नोट पुरते. खाली उतरलात की पहिलं काम म्हणजे जेट परत बदलणं.

नव्या फ्युएल इंजेक्शनवाल्या गाड्यांत सेन्सर हवेचा दाब आणि तापमान मोजतात आणि संगणक पेट्रोल जुळवून घेतो. त्यामुळे जेट बदलायची कटकट नाही. पण कमी हवेमुळे घटलेली ताकद तोही परत आणू शकत नाही. त्यासाठी टर्बो लागतो, जो हवा दाबून इंजिनात भरतो. स्की-डूने २०२० च्या मॉडेलमध्ये टू-स्ट्रोक इंजिनावर कंपनीतूनच टर्बो दिला, तो डोंगरात चालवणाऱ्यांसाठीच.

उंचीचा हिशोब जुळत नसेल, तर पुढचा क्रम धरा. स्वस्तापासून महागाकडे.

*हवा*

भुसभुशीत बर्फात हवा आत घेणाऱ्या जाळ्या बर्फाने बुजतात. हाताने साफ करा, बरेचदा काम तिथेच होतं. उन्हाळाभर उभी राहिलेली गाडी असेल तर एअरबॉक्स आणि सायलेन्सर उघडून बघा. उंदरांना तिथे घरटं करायला फार आवडतं!

*पेट्रोल*

टाकीत पाण्याचे थेंब असतील तर ते थंडीत गोठतात आणि फिल्टर किंवा नळी अडवतात. मागच्या हंगामातलं शिळं पेट्रोल असेल तर ते काढून ताजं भरा. इथेनॉलकडेही लक्ष हवं. अनेक स्नोमोबाईलच्या मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त १० टक्के इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे भारतात आता २० टक्के मिश्रणाचं पेट्रोल सर्रास मिळतं. त्यामुळे मॅन्युअल वाचल्याशिवाय टाकी भरू नका. कार्ब्युरेटर असेल तर जेटमध्ये कचरा आलाय का तेही बघा.

*ठिणगी*

दोन्ही प्लग काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. कॉफीसारखा तपकिरी रंग म्हणजे सगळं ठीक. काळा आणि ओला म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगीच नाही. पांढराफटक म्हणजे लीन, गाडी पुढे चालवू नका. एक प्लग तपकिरी आणि दुसरा ओला असेल, तर एक सिलिंडर झोपलाय. अशी गाडी चालू राहते, पण जेमतेम रांगते. नवा प्लग टाकून बघा, तो स्वस्तात स्वस्त उपाय आहे. नव्या थेट इंजेक्शनच्या इंजिनांत फक्त रंगावर निकाल देऊ नका.

*एक्झॉस्ट व्हॉल्व्ह*

बऱ्याच टू-स्ट्रोक स्नोमोबाईलमध्ये धूर बाहेर पडायच्या वाटेवर एक झडप असते. कमी आरपीएमला ती वाट लहान ठेवते आणि जास्त आरपीएमला मोकळी करते. ऑइलच्या काजळीने ती बंद अवस्थेत अडकली, तर गाडी खाली छान चालते पण वरचा दम येतच नाही. उघडी अडकली तर उलटं, सुरुवातीचा पिकअप मेल्यासारखा. झडप काढून काजळी साफ केली की बहुतेक वेळा काम होतं.

*कॉम्प्रेशन*

सगळं करून झालं तर शेवटी कॉम्प्रेशन गेज लावा. दोन्ही प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून, पूर्ण रेस उघडी धरून दोरी ओढत राहा, काटा वाढायचा थांबेपर्यंत. उंचीवर आकडा आपोआप कमी येतो, म्हणून एकट्या आकड्यावर जाऊ नका. दोन सिलिंडरची तुलना करा. फरक १० टक्क्यांहून जास्त असेल, तर रिंग किंवा पिस्टन झिजलाय. इथून पुढचं काम मेकॅनिकचं.

थोड्या वेळाने दम जातो?

स्नोमोबाईलला कारसारखा पुढे हवा खाणारा रेडिएटर बहुधा नसतो. इंजिनाचं गरम पाणी सीटखालच्या बोगद्यातल्या पन्हाळीतून जातं आणि पट्ट्याने उडवलेला बर्फ त्याला थंड करतो. टणक बर्फावर बर्फच उडत नाही, म्हणून पाणी तापतं. मग नव्या गाड्यांतला संगणक इंजिन वाचवायला ताकद मुद्दाम कमी करतो, याला लिंप मोड म्हणतात. भुसभुशीत बर्फात शिरा किंवा थांबून थंड होऊ द्या. रेल्सवर बर्फ खरवडून उडवणाऱ्या तारा बसवून मिळतात, त्या कामाच्या आहेत.

दुसरं कारण म्हणजे टाकीची हवा घ्यायची नळी. ती दुमडली किंवा गोठली तर पेट्रोल कमी होईल तशी आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल पुढे येत नाही. झाकण उघडल्यावर "सुस्स" आवाज आला आणि गाडी पुन्हा नीट चालू लागली, तर चोर सापडला.

तुमचा फोन इथे खरंच कामाचा आहे

पूर्ण रेसच्या चाचणीत मागे बसलेल्याला काटा आणि वेग यांचा व्हिडिओ काढू द्या, चालवणाऱ्याने फोन हातात घ्यायचा नाही. डिस्प्लेवर एरर कोड आला तर फोटो काढा. प्लगचे फोटो दिवसाच्या उजेडात काढा, कोणता कुठल्या सिलिंडरचा ते लिहून. हे तिघं घेऊन मेकॅनिककडे गेलात तर तो अंदाज करत बसणार नाही.

थंडीत फोनची बॅटरी पटकन बसते, म्हणून फोन बाहेरच्या खिशात नको, जॅकेटच्या आत अंगाजवळ ठेवा. नकाशा आधीच डाउनलोड करा. आणि काश्मीरला जाणार असाल तर लक्षात ठेवा, बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम तिथे चालत नाहीत, पोस्टपेड लागते.

हे मात्र अजिबात नको

- चालू इंजिनावर बेल्टचं कव्हर उघडणं. बेल्ट तुटला तर तुकडा गोळीसारखा येतो.
- मागचा भाग उचलून पट्टा फिरवताना कुणाला मागे उभं करणं. अडकलेला खडा किंवा पट्ट्याचा खिळा उडू शकतो.
- बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवणं. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.
- दम गेलेली गाडी घेऊन एकट्याने आणखी आत जाणं.

पर्यटक म्हणून गुलमर्गला मागे बसणार असाल तर यातलं काही तुम्हाला करायचं नाही. पण चढावर गाडी मंदावली म्हणून "भैया, तेज चलाओ ना" म्हणू नका. पाव हिस्सा हवा कमी असताना दोन माणसं ओढणाऱ्या इंजिनाकडून तेवढीच अपेक्षा ठेवा. जळका वास आला तर चालवणाऱ्याला थांबायला सांगायला मात्र लाजू नका.

थोडक्यात, आधी रेस सोडा, मग काटा बघा, आणि मगच पाना हातात घ्या. पुढच्या वेळी तुमची अ‍ॅक्टिव्हा सिंहगडाच्या चढावर रेस देऊनही उचलत नसेल, तर तिथेही हाच प्रश्न विचारून बघा. इंजिन दमलंय, की बेल्ट घसरतोय? माहिती उपयोगी वाटली तर यंदा काश्मीरला निघालेल्या मित्राला नक्की पाठवा!